मे महिन्यात मित्राला जळगाव दाखवायचंय. वेडेपणा आहे का?

गिरणाकाठ (१७ मे, रात्री ११:१०)

राम राम मंडळी. मी मूळ जळगावचा, गेली नऊ वर्षं पुण्यात. माझा एक मित्र आहे मालगुंडचा, गणपतीपुळ्याला लागून असलेलं गाव. शाळामास्तर आहे, मराठी शिकवतो. तीन वर्षं झाली, ‘तुझं गाव दाखव’ म्हणून मागे लागलाय. मी दरवेळी सांगतो, डिसेंबरात ये, भरीत खाऊ. पण मास्तरांची मोठी सुट्टी मे महिन्यातच. शेवटी पठ्ठ्याने मला न विचारता तिकीट काढलं. २३ला सकाळी पोचतो, २६ला रात्री परत.

इकडे आईचा फोन. काल ४५ होतं म्हणे. सकाळी तुळशीला घातलेलं पाणी नऊला दिसत नाही. ‘लोकाच्या पोराला भाजायला कशाला आणतोस?’ हा तिचा सवाल.

माझा सवाल असा: चार दिवस घरात कोंडून ठेवू की फिरवू? फिरवायचं तर कुठे आणि किती वाजता? माझी यादी: मेहरूण तलाव, गांधीतीर्थ, जुनं जळगाव, सराफ बाजार, आसोदा, अजिंठा, भरीत पार्टी. वाहन म्हणजे बाबांची जुनी मोटारसायकल.

पुणेरी_टोमणा (१७ मे, रात्री ११:१४)

वेडेपणा आहे. धागा बंद करा.

तापीथडी (१७ मे, रात्री ११:३२)

भाऊ, उन्हाया मां कथा फिरतस? घर बठा, कूलर लावा, आमरस खावा.

भुसावळवाली_मावशी (१८ मे, सकाळी ६:०५)

गिरणाकाठ, तू खरंच खान्देशातला ना? मे महिन्यात भरीत पार्टी! अरे, भरताची वांगी चंपाषष्ठीनंतरची. थंडी पडली की आसोद्याचं ते हिरवं, लांबट, मऊ वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. आत्ता बाजारात मिळतं ते नुसतं बियांचं गाठोडं. त्या मास्तरला असलं भरीत चारलंस तर तो जन्मभर म्हणेल, हेच का ते?

मे महिन्याचं जेवण म्हणजे खापरावरचे मांडे आणि आमरस. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली असली तरी रस काही संपलेला नाही. आईला सांग, मांडे जमत नसतील तर पुरणपोळी चालेल. आणि त्याला बिबड्या करताना दाखव. ज्वारीच्या पिठाचा घाटा पहाटे चारला चुलीवर, सहाला गच्चीवर ओल्या धोतरावर थापायचा, दुपारपर्यंत कडक. ह्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण आमची वर्षभराची बेगमी तेच वाळवून देतं. तुम्ही पुण्यात पाकिटातल्या कुरडया आणता ना, तशाच आणा.

पुणेरी_टोमणा (१८ मे, सकाळी ८:२०)

मावशी, पाकिटातल्या कुरडयांचा अपमान सहन केला जाणार नाही.

वेधशाळा_वेडा (१८ मे, सकाळी ९:४०)

आधी आकड्यांचं बोलू. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात कमाल तापमान ४०च्या वर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट. सरासरी काहीही असो, ४५ गाठलं तरी लाट, ४७ला तीव्र लाट. हे तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत मोजतात. त्यामुळे ‘माझ्या गाडीत ५१ दाखवत होतं’ असं कोणी लिहायच्या आत सांगतो, तो तुमच्या बॉनेटचा ताप आहे.

खान्देश इतका का तापतो? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं बशीसारखं खोरं. समुद्र लांब, त्यामुळे संध्याकाळचं खारं वारं इथवर येत नाही. वायव्येकडून येतो तो कोरडा वारा. रब्बी निघून गेल्यावर काळी जमीन उघडी पडलेली, आभाळ स्वच्छ. त्यात सूर्य थेट डोक्यावर.

थेट म्हणजे खरोखर थेट. जळगाव २१ अक्षांशावर आहे, आणि २५ मेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली. दुपारी साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. घड्याळात १२ला नाही, कारण आपली वेळ ८२.५ रेखांशाची आणि जळगाव त्याच्या बरंच पश्चिमेला. तुमचा मास्तर नेमका त्या दिवशी तिथे असेल. एवढं एकदा दुपारी बाहेर काढा त्याला. जुलैतही सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे सहसा काही दिसत नाही.

भुसावळवाली_मावशी (१८ मे, सकाळी १०:०२)

२५लाच रोहिणी लागतं, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू. आमच्या सासूबाईंना पेटीबिटी न बघता माहीत होतं.

वेधशाळा_वेडा (१८ मे, सकाळी १०:१५)

सूर्य रोहिणीत जातो ती तारीख आणि शून्य सावलीची तारीख जळगावपुरती जुळते हा योगायोग आहे, मावशी. रत्नागिरीत शून्य सावली मेच्या पहिल्या पंधरवड्यातच होऊन जाते. पण सासूबाईंशी वाद नाही.

कोकणातला_काजू (१८ मे, दुपारी १२:५०)

मी चिपळूणचा. एक प्रामाणिक शंका. तुम्ही ४५ म्हणता आणि मिशीला पीळ देता. आमच्याकडे ३४च असतं, पण सदरा सकाळी आठला अंगाला चिकटतो तो रात्री अकराला सोलून काढावा लागतो. मी गेल्या वर्षी एप्रिलात नंदुरबारला लग्नाला गेलो होतो. ४२ होतं, घामाचा थेंब नाही. मला तर बरं वाटलं. कोरडा उकाडा सोसतो, दमट नाही. मास्तरला फिरवा बिनधास्त.

नर्सताई (१८ मे, दुपारी ३:३०)

काजू, ‘घामाचा थेंब नाही’ ह्याच वाक्यावर दरवर्षी आमच्या वॉर्डात खाटा भरतात. घाम येत नाही असं नाही, येतो. तो दिसायच्या आत उडून जातो. तुमच्याकडे सदरा ओला झाला की माणूस आपोआप पाणी पितो. इथे सदरा कोरडा, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं, आपलं छान चाललंय. संध्याकाळी काळा टीशर्ट काढून बघितलात तर पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा असतो.

गिरणाकाठ, पाहुण्याला तहान लागायची वाट बघू नका. दर अर्ध्या तासाला पाणी. दिवसातून एकदोनदा ताक किंवा पन्हं, मीठ घालून. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं, पाणी कमी पडतंय. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत नेऊन आडवं करायचं आणि ओआरएस द्यायचं. बडबड असंबद्ध झाली, अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात. मग पन्हं नाही नि कांदा नाही. अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ, आणि १०८ला फोन. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

तापीथडी (१८ मे, दुपारी ३:५५)

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

नर्सताई (१८ मे, दुपारी ४:०१)

कांदा ठेवा खुशाल. डोक्याला रुमालही बांधा.

मेहरूणची_बोरं (१८ मे, रात्री ९:२०)

मी जळगावातच राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वर सगळे विचारतायत फिरवायचं की नाही. अहो, जळगाव मे महिन्यात बंद नसतं, त्याचं घड्याळ बदलतं. पाच ते नऊ एक दिवस, सात ते बारा दुसरा. मधला वेळ रात्र समजायची. दाणा बाजारातले हमाल, भाजीवाल्या, बांधकामावरचे मिस्त्री असंच जगतात. दुपारी दोन वाजता सुभाष चौकात उभं राहिलात तर कुत्रं दिसणार नाही, तेच रात्री साडेनऊला गाडी लावायला जागा मिळणार नाही.

पहाटे साडेपाचला मेहरूण. अर्धं जळगाव तलावाभोवती चालत असतं, त्यांच्या वजनाच्या गप्पा फुकट ऐकायला मिळतात. सहा-सव्वासहाला ऊन लागतं, तेवढ्यात उरका. मग जुनं जळगाव, राम मंदिराच्या बाजूने. ज्या रथोत्सवाला कार्तिक एकादशीला पाय ठेवायला जागा नसते ती गल्ली रिकामी बघण्यात मजा आहे. बहिणाबाईंचा चौधरी वाडा तिथेच.

दुपारची जागा एकच, गांधीतीर्थ. जैन हिल्सवरचं गांधीजींचं संग्रहालय. २५ मार्च २०१२ला प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते उद्घाटन झालं, त्या तेव्हा राष्ट्रपती. कानाला यंत्र लावून एकेक दालन बघत जायचं, घाई केली नाहीत तर अडीच तास सहज. मराठीचा मास्तर असेल तर तीन. दहाच्या आत पोचा, म्हणजे जातानाचं ऊन टळतं. येतानाचं टळत नाही, त्याला तयारी ठेवा.

रात्री काव्यरत्नावली चौक, भाऊंचं उद्यान, कुल्फी. सराफ बाजार संध्याकाळी. तो आत जाऊन भाव विचारणार असेल तर मात्र उन्हापेक्षा मोठा झटका बसेल.

अजिंठा मला विचाराल तर नको. साठेक किलोमीटर मोटारसायकलवर, वर तो कातळ.

सावद्याचा_घड (१८ मे, रात्री १०:११)

अजिंठ्याबद्दल असहमत. नऊला लेणी उघडतात. साडेसहाच्या एसटीने निघा, उघडल्या उघडल्या आत शिरा, साडेअकराला बाहेर. गर्दी नाही, आत गार. बाहेरच्या पायवाटेवर भाजतं हे खरं. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतात.

आता माझं निमंत्रण. मी रावेर तालुक्यात केळी करतो. ह्या दिवसांत पहाटे कापणी असते, या बघायला. तुम्ही लोक लाट म्हणजे कूलर आणि पन्हं समजता. आमच्याकडे लाट म्हणजे घड सटकणं. गरम वाऱ्याने पानं फाटतात, कोवळे घड काळे पडतात. बांधाला शेवरी लावतो, गजराज गवत लावतो वारा अडवायला. घडावर वाळकी पानं बांधतो, ज्याला परवडतं तो पिशवी घालतो. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, पण मानांकनाने झाडाला सावली होत नाही. विम्यात तापमानाची अट असते, सलग इतके दिवस इतकं पाहिजे. तापमान मोजायचं केंद्र महसूल मंडळात कुठेतरी, आमचं शेत कुठेतरी. माझ्या बागेत पानं करपली त्या आठवड्यात केंद्रावरचा पारा एक दिवस अर्ध्या अंशाने खाली उतरला. मोजणी पहिल्यापासून.

जाऊ द्या. धागा फिरण्याचा आहे. या.

वेधशाळा_वेडा (१८ मे, रात्री १०:४०)

सॉरी दादा. मी वर पेटीचं कौतुक करत बसलो.

धुळे_गल्ली_नंबर_५ (१९ मे, सकाळी ७:३०)

खान्देश म्हटलं की सगळे जळगाव जळगाव करता. १९०६ला इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन तुकडे केले, तेव्हापासूनचा आमचा सवतासुभा. मास्तरला एक दिवस धुळ्याला आणा. राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत, दोन्ही छपराखाली. आणि गल्ल्यांना चक्क नंबर. १८१८नंतर कॅप्टन ब्रिग्जने पेठ आखली, तेव्हाच्या त्या सरळ रेषा. कोणी हरवत नाही.

उन्हाचंच म्हणाल तर धुळ्याचा तुरुंग. १९३२मध्ये विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. तारखा नीट बघा. फेब्रुवारीअखेर ते मृग. म्हणजे अख्खा धुळ्याचा उन्हाळा, तुरुंगाच्या भिंतीत, पंख्याशिवाय. स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगायला याहून बरी जागा नाही.

पुणेरी_टोमणा (१९ मे, सकाळी ७:४१)

नंबर असूनही मी गल्ली सहामध्ये हरवलो होतो. धागा बंद करा हे मागे घेतो, चालू द्या.

मेहरूणची_बोरं (१९ मे, सकाळी ८:१५)

गिरणाकाठ, मित्र मालगुंडचा आणि मराठीचा मास्तर. तुमच्या डोक्यात प्रकाश पडला की नाही?

गिरणाकाठ (१९ मे, सकाळी ८:५०)

कसला? सर्वांचे आभार. भरीत रद्द केलं आहे, मावशी.

मेहरूणची_बोरं (१९ मे, सकाळी ९:३०)

अहो, मालगुंड म्हणजे केशवसुतांचं गाव! आणि केशवसुत मास्तरकी करायला कुठे आले होते? आपल्या फैजपूरला. समुद्रकाठचा माणूस, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ना वीज ना कूलर. त्यांच्या कविता छापणारं ‘काव्यरत्नावली’ जळगावातून निघायचं, नारायण नरसिंह फडणीस १८८७पासून ते चालवत होते. निव्वळ कवितांचं मासिक, तेही ह्या भट्टीतून. आपण ज्या चौकात कुल्फी खातो त्याचं नाव त्यावरून आहे. निम्म्या जळगावकरांना वाटतं ती कुठली तरी बाई होती.

आणि बालकवी. धरणगावचा मुलगा, १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झाला. गेलाही इथेच, भादली स्टेशनजवळ, रूळ ओलांडताना, ५ मे १९१८ला. अठ्ठाविसाव्या वर्षी. झरे, श्रावण, फुलराणी लिहिणारा माणूस मे महिन्यात तापल्या रुळांवर गेला, हे मला दरवर्षी ह्या दिवसांत आठवतं.

तुमची यादी बदला. मास्तरला फैजपूर आणि भादली दाखवा.

सावद्याचा_घड (१९ मे, सकाळी ९:४४)

फैजपूर सावद्याच्या शेजारीच. माझ्याकडे या, तिथून मीच नेतो. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं, नेहरू अध्यक्ष. पण ते डिसेंबर १९३६. त्यांना अक्कल होती.

कोकणातला_काजू (१९ मे, दुपारी १:०५)

मालगुंडच्या स्मारकात मी शाळेच्या सहलीतून गेलोय. फैजपूरचं कुणी कधी सांगितलं नाही. नर्सताई, मिठाच्या नकाशाचं पटलं. त्या लग्नानंतर माझं डोकं दोन दिवस दुखत होतं, मी ते डीजेवर ढकललं होतं.

गिरणाकाठ (२३ मे, रात्री ११:५०)

पाहुणा पोचला. स्टेशनवर उतरला तेव्हा आठ वाजले होते. पहिलं वाक्य: ‘अरे, इथे तर घामच येत नाही!’ मी नर्सताईंची पोस्ट काढून दाखवली. हसला आणि बाटली संपवली.

आईने मांडे केले. चुलीवर खापर, समोर मास्तर, आई हातावर मांडा फिरवत फिरवत मोठा करत होती आणि हा ‘पडेल, पडेल’ म्हणून ओरडत होता. पडला नाही.

उद्या पहाटे सावदा.

गिरणाकाठ (२४ मे, सकाळी ६:१५)

तातडीचा प्रश्न. रात्रभर कूलर चालू होता आणि तरी मित्राच्या खोलीत गुदमरल्यासारखं झालंय. गादी ओलसर, भिंतीला हात लावला तर चिकट. कूलर नवीन आहे, गवत गेल्याच महिन्यात बदललंय. काय बिघडलं?

तापीथडी (२४ मे, सकाळी ६:१९)

खिडकी बंद केली असेल त्याने.

वेधशाळा_वेडा (२४ मे, सकाळी ६:४०)

नक्कीच खिडकी. कूलर म्हणजे एसी नव्हे. तो पाणी उडवून हवा गार करतो, बाहेरच्या कोरड्या हवेवर जगतो. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २८पर्यंत हवा उतरवतो. पण ती दमट हवा समोरच्या खिडकीतून बाहेर जायला हवी. दार-खिडकी लावलीत की थोड्या वेळाने तो तीच ओली हवा फिरवतो, म्हणजे तुम्ही जळगावात रत्नागिरी तयार केलीत.

गिरणाकाठ (२४ मे, सकाळी ६:४४)

त्याने विचारपूर्वक, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून, खिडकी लावून वर फटीत टॉवेल कोंबला होता. आई अजून हसते आहे. सावद्याचा_घड, निघतोय, उशीर झाला.

पुणेरी_टोमणा (२४ मे, सकाळी ९:००)

माणूस समुद्र सोबत घेऊन फिरतो तो असा.

गिरणाकाठ (२८ मे, रात्री १०:३०)

पुण्याला परत आलो. वृत्तांत लिहायचं कबूल केलं होतं, म्हणून लिहितो. सगळं लिहीत नाही.

सावद्याला पोचेस्तोवर साडेआठ झाले. कापणी संपत आली होती. पण बागेत शिरल्याबरोबर हवा बदलली. बाहेर ऊन टोचत होतं, आत पायाखाली ओली माती, डोक्यावर पानांचं छत. मास्तर म्हणाला, आलो घरी. दादांनी त्याच्या खांद्यावर चुंबळ ठेवून घड दिला. वीसेक पावलं गेला आणि मुकाट खाली ठेवला. ज्या बाजूने वारा येतो तिथल्या दोन ओळी मात्र त्यांनी हसत दाखवल्या नाहीत. पानांच्या चिंध्या झालेल्या, घड दोऱ्यांवर लटकलेले.

फैजपूरला केशवसुतांची खूण शोधत आम्ही तासभर फिरलो असू. शाळा सुट्टीमुळे बंद. एका पानटपरीवाल्याने विचारलं, कोण पाहिजे? मास्तर म्हणाला, आमच्या गावचे एक गृहस्थ इथे मास्तर होते. ‘बदली झाली का त्यांची?’ ‘हो. बरीच वर्षं झाली.’

येताना साडेअकरा झाले, तिथे आम्ही चुकलो. मोटारसायकलची टाकी गुडघ्याला भाजत होती आणि समोरचा वारा म्हणजे हेअर ड्रायर. यावलच्या पुढे तो गप्प झाला. मी बोलत होतो, तो ‘हं’ म्हणत होता, मग हंही बंद. थांबवली. डोकं दुखत होतं आणि उलटीसारखं होत होतं. रस्त्याकडेला लाल फडक्याची पाणपोई होती, लिंबाखाली. रांजणातलं पाणी डोक्यावर ओतलं, रुमाल भिजवून मानेवर, पिशवीतलं ओआरएस बाटलीत. पाणपोईवरच्या आजीबाईंनी मला झापलं: ‘पाव्हण्याले असा आनतस का रे?’ तासभर तिथेच पडून होता. मग माणसात आला आणि आजींना विचारायला लागला, तुम्हाला रांजण भरायला पाणी कुठून येतं. नर्सताई, ती तुमची पोस्ट नसती तर मी ‘पाच मिनिटांत घर येईल’ म्हणत गाडी दामटली असती.

२५ला सकाळी मेहरूण आणि जुनं जळगाव करून नऊला घरी. १२:१५ला वेधशाळा_वेडा यांच्या आज्ञेप्रमाणे गच्चीवर. आईने अनवाणी चालायला दिलं नाही, चपला घालायला लावल्या. आम्ही स्टीलचा पेला उपडा ठेवला. पेल्याच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी सावली होती. ती आत आत जात गेली. १२:२४ला पेला नुसताच पेला उरला, जणू फोटोतून कापून गच्चीवर चिकटवलाय. वाळत घातलेल्या बिबड्या, दोरीवरचे चिमटे, सगळं तसंच, खालच्या रेघेशिवाय. मास्तर एका पायावर उभा राहून स्वतःची सावली शोधत होता, ती चपलेखाली. तेवढ्यात माझा फोन ‘तापमान जास्त आहे’ म्हणून बंद पडला, त्यामुळे फोटो नाही. उतरताना पेला उचलायला गेलो आणि बोट भाजलं. मग लाईट गेली. साडेतीनपर्यंत आम्ही तिघं फरशीवर पाणी शिंपडून आडवे.

त्याच संध्याकाळी भादली. साडेसात होऊन गेले होते, तरी फलाटावरचं सिमेंटचं बाक इतकं गरम की बसलेला मास्तर लगेच उठला. नळाला पाणी होतं, तेही गरम. दोन मालगाड्या गेल्या, एक न थांबणारी एक्सप्रेस. मला वाटलं आता हा एखादी कविता म्हणेल. नाही म्हणाला. रूळ बघत राहिला. परत निघताना एवढंच बोलला, ‘वर्गात मी दरवर्षी श्रावण शिकवतो. हे माहीत होतं, पण कोरडं माहीत होतं.’

२६ला अजिंठा केलं, एसटीने, सावद्याच्या दादांच्या वेळापत्रकाप्रमाणे. सोमवार नव्हता. गांधीतीर्थ राहिलं, धुळं राहिलं, सराफ बाजारात नुसतं बाहेरून बघितलं.

नर्सताई (२८ मे, रात्री १०:५८)

पाणपोईवाल्या आजींना माझा नमस्कार. साडेअकराला मोटारसायकल चालवल्याबद्दल तुम्हाला मात्र नाही.

मेहरूणची_बोरं (२८ मे, रात्री ११:०५)

‘बदली झाली का त्यांची?’ हे मी चौकात सगळ्यांना सांगणार आहे. गांधीतीर्थ राहिलं म्हणजे परत यावंच लागेल.

धुळे_गल्ली_नंबर_५ (२८ मे, रात्री ११:२०)

धुळं नेहमीच राहतं. सवय आहे.

कोकणातला_काजू (२९ मे, सकाळी ७:१०)

मग शेवटी काय ठरलं? मे महिन्यात यावं की नाही? मलाही जूनच्या आधी चार दिवस आहेत.

भुसावळवाली_मावशी (२९ मे, सकाळी ७:२५)

यायचं तर ये. पण दुपारी घरात बसायचं, आणि खिडकी उघडी ठेवायची.

गिरणाकाठ (२९ मे, सकाळी ८:००)

मास्तरचा आत्ताच मेसेज आला. आईने दिलेल्या बिबड्यांचा डबा रत्नागिरीत उघडला आणि दोन दिवसांत मऊ पडल्या. विचारतोय, परत कडक कशा करायच्या, तिकडे तेवढं ऊन नाही.